मी बसलो म्हणून धुतलेल्या खुर्च्या

"तू सगळ्यांवर बसलास?"

गुरुजी, आमच्या घाटावरचे भटजी, नावेतच उभे होते. रेतीवर पाय ठेवला नव्हता अजून. मी बाराव्या खुर्चीत बसलो होतो, शेवटच्या. त्यांना बघून घाईनं उठायला गेलो तर खुर्ची माझ्याबरोबर उठली. मी अंगानं आडवा. अडकली ढुंगणाला. तशीच मागं घेऊन वाकलो, नमस्कार केला. ज्याच्या नावेतनं गुरुजी आले तो लल्लन मल्लाह, वल्हं सोडून हसायला लागला.

"सगळ्यांवर," मी म्हटलं. "एकेक करून. बाराच्या बारा पास, गुरुजी. एक पण फसली नाही."

मला वाटलं, शाबास म्हणतील.

कारण ते काम सोपं नव्हतं. प्लॅस्टिकची खुर्ची रेतीत ठेवा आणि बसा. चारी पाय आत. माणूस हळूहळू खाली जातो, तोंड मात्र वर. पहिल्या दिवशी मी असा तीनदा गेलो. तिसऱ्यांदा मागं उलटलो आणि पाय आभाळाकडे. मग लल्लनच्या मोडक्या नावेच्या फळ्या मागून आणल्या, कापल्या, पुढच्या-मागच्या पायांना खालनं पट्टी मारली. आता खुर्ची रेतीवर नावेसारखी बसायची. पण जड माणूस बसल्याशिवाय कळणार कसं? घाटावर माझ्याएवढा जड माणूस फुकटात कुठला मिळणार? मीच बसलो.

गुरुजींनी सगळ्या खुर्च्या ओळीनं बघितल्या. मग अगदी प्रेमानं बोलले. ते नेहमी प्रेमानंच बोलतात.

"अरे, यजमान बसायचेत यांच्यावर. उद्घाटनाच्या आधी तूच बसलास होय! असू दे. धुऊन घे सगळ्या. गंगेतच धू, म्हणजे प्रश्नच मिटला."

मी ढुंगणाची खुर्ची ओढून काढली, खाली ठेवली.

"मला नाही रे काही," ते म्हणाले. "मी कधी मानलंय? तू घरचाच. पण यजमान जुन्या वळणाचे असतात. उद्या कुणी विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही."

आमची जात कुठली ते घाटावर कुणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत आहे.

धुतल्या मी. बाराच्या बारा. आणि गुमान धुतल्या असत्या तर ही गोष्ट तिथंच संपली असती. पण मी पडलो मसखरा. एक खुर्ची डोक्यावर घेतली, पाण्यात गेलो, आणि गुरुजी मंत्र म्हणतात तसा नाकातनं आवाज काढला. "हे खुर्चीमाते, या जाड्यानं तुला बाटवलं, क्षमस्व." बुडवली, काढली, बुडवली. दुसरी नवरीसारखी, डोक्यावर पदर घालून नेली. तिसरी हातातनं सुटली आणि धारेला लागली, मी तिच्यामागं "अगं थांब, नवऱ्याला सोडून कुठं निघालीस!" ओरडत कमरेएवढ्या पाण्यात. गुरुजी हसून हसून नावेत खाली बसले. डोळे पुसले उपरण्यानं.

मंदा हसली नाही. मंदा माझी बायको. ती कपडे बदलायच्या आडोशाला दोऱ्या बांधत होती, तिनं गाठ मारली आणि पाठ फिरवली. मला वाटलं, थंडी वाजत असेल.

आता मी कोण ते सांगतो. मला लिहिता येत नाही. मी बोलतोय, मंदा लिहितेय. ती जबलपूरची, सातवी शिकलेली. मी शाळेत गेलो नाही असं नाही, एकदा गेलो. गुरुजींच्या घरच्या पोराचं दप्तर पोचवायला.

माझ्या आज्याला गुरुजींच्या आज्यानं साताऱ्याकडनं बनारसला आणला. घाट झाडायला, यात्रेकरूंचं सामान वाहायला. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या ज्यानं बघितल्यात त्याला सांगायला नको. खालनं वर बघितलं तर टोपी पडेल. त्या पायऱ्या आज्यानं वाहिल्या, बापानं वाहिल्या, मग मी. मंगला गौरीच्या गल्लीत गुरुजींचं घर, त्यांच्या जिन्याखालची खोली आमची. भाडं नाही. मी आत उभा राहिलो की डोक्याला पायरी लागते, म्हणून आम्ही घरात बसूनच असतो. घरात मराठी, बाहेर हिंदी. मराठी त्यांच्यासारखीच, फक्त झाडू मारायच्या बाजूची.

माझं काम आडोसा धरायचं. म्हणजे असं, महाराष्ट्रातनं यजमान यात्रेला येतात, बायका गंगेत स्नान करतात, आणि घाटावर कपडे बदलायचे कुठं? मग दोन हात पसरून चादर धरायची, पाठ करायची, डोळे मिटायचे. मी डोळे मिटून एवढा उभा राहिलोय की झोप काढायला शिकलो. एकदा वाऱ्यानं चादर माझ्याच डोक्यावर आली, मी आंधळ्यासारखा फिरलो आणि थेट पाण्यात. तेव्हापासून सगळे मला हसायचे. बरं वाटायचं. हसणारा माणूस शिवी देत नाही, असं मला वाटायचं.

धंद्याची अक्कल त्या चादरीतनंच आली. पाऊस संपला, पूर उतरला की घाटासमोर पलीकडं रेती उघडी पडते. लांबच लांब, पांढरी. कार्तिकापासून जेठापर्यंत. लोक नावेनं तिकडं जातात, उंटावर बसतात, उथळ पाण्यात अंघोळ करतात. पण तिथं बायकांना आडोसा नाही, म्हाताऱ्यांना बसायला काही नाही. मी मंदाला म्हटलं, आपण चार बांबूचे आडोसे करू. बंब पेटवू, गरम पाण्याची बादली देऊ. खुर्च्या, छत्र्या, चहा. सात-आठ महिने रेतीवर, मग नदी घेईल आपली जागा परत. मंदा म्हणाली, "चला, एकदा तरी तुम्ही बसल्या बसल्या कमवाल."

तिनं शिलाईतनं साठवलेलं काढलं. मांडववाल्याकडनं जुन्या लाल खुर्च्या घेतल्या. आडोशाचे पडदे तिनं शिवले, दुहेरी, खाली वाळू भरलेली शिवण, म्हणजे वाऱ्यानं उडायला नकोत. मल्लाहांच्या पंचांनी जागा दाखवली. सगळं झालं. एकच गोष्ट आमच्याकडं नव्हती. माणसं.

माणसं गुरुजींची. आमच्या घाटावर असंच चालतं. यजमान उतरला की विचारतात, गाव कुठलं? गाव सांगितलं की तो कुणाच्या घरचा ते ठरतं, पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. नोकरानं यजमानाशी आपणहून बोलायचं नाही. मी आजवर कधी कुणा यजमानाला 'या' म्हटलेलं नाही. 'सरका' म्हटलंय, सामान डोक्यावर असताना.

म्हणून गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "हात्तिच्या! माझे सगळे यजमान तुझ्याकडं पाठवतो. मोसमभर. पहिली नाव मीच घेऊन येईन." मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. खोटं कशाला सांगू, रडलोसुद्धा. हा मोसम नीट गेला तर जिन्याखालनं निघू, अशी आमची गणितं चालली होती. मंदानं तर खोली बघून ठेवली होती, राजघाटाकडं. खिडकीवाली.

तर खुर्च्या धुतल्या त्याच दिवशी संध्याकाळी गुरुजींकडं पाहुणे आले. मला वरनं हाक.

"ये रे. ते खुर्च्यांचं करून दाखव जरा."

मी केलं. पाटावरच. पाट म्हणजे खुर्ची, परात म्हणजे गंगा. पाहुणे लोळले. काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोनं, लाडू दिला. वरनं हातात टाकला, तसा त्या नेहमीच टाकतात.

दुसऱ्या दिवशी मंगला गौरीच्या देवळाबाहेर. एक बँकेतले साहेब, नागपूरचे, बदली होऊन आलेले. गुरुजी म्हणाले, "हा बघा आमचा नमुना. दाखव रे." दाखवलं. साहेबांची बायको म्हणाली, "अय्या, किती क्यूट!"

मी रोज त्यात भर घालत गेलो. तिसऱ्या दिवशी खुर्ची धुऊन झाल्यावर मी स्वतःलाही धुतलं. तीन तांबे गार पाणी, पौषाचा महिना. "खुर्ची शुद्ध झाली, आता हा ढोल कुणी धुवायचा?" असं म्हणत डोक्यावर ओतून घेतलं. त्याला सगळ्यात जास्त हशा. मी कुडकुडत घरी आलो, खूश होऊन. दात वाजत होते तरी मंदाला सांगितलं, आज शेवट काय जमलाय म्हणून सांगू!

ती भाकरी थापत होती. थांबली नाही.

"अहो, एक विचारू? उद्या रेतीवर काम करून मी दमले, आणि त्या खुर्चीवर बसले. तर धुवाल?"

मी म्हटलं, "काहीतरीच काय."

"सांगा ना. मंत्र म्हणून धुवाल की नुसती बुडवाल?"

मी गंमतीचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आलं नाही. जन्मात पहिल्यांदा आलं नाही.

ती म्हणाली, "त्यांनी सांगितलं ते एकदा. तुम्ही चार वेळा धुतल्या."

जेवलो नाही मी. मंदा म्हणते, हे खोटं, दोन भाकऱ्या खाल्ल्या. खाल्ल्या असतील. चव नव्हती.

मी हिशोब लावत बसलो. नाही म्हणावं, तर यजमान गेले. यजमान गेले तर मोसम गेला. मोसम गेला तर हीच खोली, आणि नाही म्हटल्यावर ही खोली तरी कुठली? लल्लनला विचारलं. तो म्हणाला, "गुरू, हम तो खुद उनकी सवारी पे जीते हैं. कर दो न, दो मिनट का नाटक है." बरोबर होतं त्याचं, त्याच्या नावेत बसायची ती माणसंही गुरुजींचीच. दोन मिनिटांचंच होतं. मी ठरवलं, मोसमभर करू. मोसम संपला की बंद.

असं ठरवूनच मी गेलो होतो. शूर होऊन गेलो नव्हतो.

उद्घाटनाच्या सकाळी धुकं होतं. मंदानं पहाटेच बंब पेटवलेला. खुर्च्या दोन ओळीत, छत्र्या रंगीत. गुरुजी नाव घेऊन आले, शब्द पाळला. सांगलीकडचं कुटुंब, दहा जण. एक आजोबा, त्यांची दोन मुलं, सुना, बाकी नातेवाईक. बायका पाण्यात उतरल्या, आडोशात गेल्या, गरम पाणी घेतलं. एक सून बाहेर येऊन मंदाला म्हणाली, "इतकं बरं वाटलं हो! घाटावर जीव मुठीत धरून कपडे बदलावे लागतात." आजोबा खुर्चीत बसले, हलवून बघितली. "वा! रेतीत असून बुडत नाही. कुणाची युक्ती?"

मी तोंड उघडणार तोवर गुरुजी बोलले. "याचीच. पण खरी गंमत तुम्हाला माहीत नाही. आमचा हा नटसम्राट आहे. ए, ते दाखव यांना. चहा होईपर्यंत."

सगळे माझ्याकडं वळले. एकानं मोबाइल वर केला.

मी खुर्चीकडं हात नेला. नेला, लपवत नाही. मंदा बंबाशी होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, ती लाकूड आत सारत होती. तिनं सोडून दिलं होतं मला.

"नाही," मी म्हटलं.

सगळे खो-खो हसले.

मी परत म्हटलं. "गुरुजी, मी ते करत नाही."

अजून हसले. गुरुजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघा बघा! सुरुवात अशीच करतो तो!"

अशी सुरुवात मी कधीच केली नव्हती.

तुम्हाला सांगतो, तेव्हा मला जी भीती वाटली ना, तशी पुरात वाटली नाही. मी खरं बोलत होतो आणि लोक हसत होते. माझं तोंडच तसं. गाल फुगलेले, पोट पुढं. चाळीस वर्षं मी हे तोंड हसवायला वापरलं, आता त्यातनं दुसरं काही बाहेरच येत नव्हतं. तिसऱ्यांदा "नाही" म्हटलं तर मोबाइलवाला म्हणाला, "भारी ॲक्टिंग!" मी रागानं पाय आपटला, रेतीत घोट्यापर्यंत गेला. मग तर एक जण ठसका लागेपर्यंत हसला.

म्हणून मी हललोच नाही. हात खाली सोडले. उभा राहिलो. जरा वेळ हसले, मग वाट बघत हसले, मग नुसती वाट बघितली.

"मी सांगतो काय आहे ते," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना. "या खुर्च्या माझ्या आहेत. त्या बुडतात की नाही बघायला मी त्यांच्यावर बसलो होतो. मी बसलो म्हणून त्या गुरुजींनी माझ्याकडून धुऊन घेतल्या. गंगेत. तुम्ही बसायच्या आधी. गंमत एवढीच आहे."

मोबाइल खाली आला. उंटवाला लांबनं ओरडत होता तेवढंच.

मघाची सून खुर्चीतनं उठली. झटक्यात. ती लाजेनं उठली की विटाळानं, मला आजही माहीत नाही. तिच्यामागनं बाकीचे उठले. आजोबा तेवढे बसून राहिले, खाली बघत. मग त्यांच्या मुलानं दंडाला धरून उठवलं.

गुरुजींचा चेहरा पांढरा. "घरातली गोष्ट चार लोकांत," ते म्हणाले. मोठ्यानं नाही. "तुझ्या आज्यानं असं केलं नसतं."

"नसतंच केलं," मी म्हटलं.

नाव गेली. लल्लननं वळून बघितलं नाही. चहा तसाच राहिला, आम्ही दोघांनी प्यायला. मंदा एका खुर्चीत बसली. मी विचारलं, "बरं केलं का मी?" ती म्हणाली, "फार उशीर लावलात." बस. एवढीच बोलली. अजूनही यापेक्षा जास्त काही बोलत नाही, आणि हे लिहितानाही तिनं मान वर केलेली नाही.

दुपारी काकू जिन्यापाशी उभ्या. पाहुणे यायचेत, खोली लागेल म्हणाल्या. वाईट वाटत होतं त्यांना, दिसत होतं. "एवढं काय झालं रे? हसण्यावारी न्यायचं ना."

"आजवर तिकडंच नेलं, काकू," मी म्हटलं. "तीन पिढ्या."

त्यांना कळलं नाही. पण लाडू दिला नाही, ते बरं झालं. मी घेतला असता.

आमचं सामान एका ठेल्यात मावलं. नाव मिळाली नाही. लल्लन गल्लीच्या तोंडाशी भेटला, म्हणाला, "गुरू, दिन में मत बुलाना." मी त्याला शिवी दिली नाही. तो जिथं अडकलाय तिथंच मी परवापर्यंत होतो. ठेला ढकलत राजघाटच्या पुलावरनं पलीकडं गेलो, मग रेतीतनं मागं. चाक रुतलं की मी ढकलायचो, मंदा ओढायची. समोर घाट दिसतो तिथनं. सगळ्या पायऱ्या. एवढ्या लांबनं बघितलं तर फार उंच वाटत नाहीत.

राजघाटची खिडकीवाली खोली दुसऱ्यानं घेतली. आम्ही आडोशातच राहतो. दोन आडोसे गिऱ्हाइकांना, दोन आम्हाला. गुरुजींच्या यजमानांच्या नावा आता आमच्या समोरनं जातात आणि जरा पुढं लागतात. तिथं दुसऱ्यानं खुर्च्या मांडल्यात. पट्टीवाल्या. माझीच युक्ती. काल आमच्याकडं चार माणसं आली, परवा एक पण नाही. लल्लननं पाठवलेलं एक जोडपं आलं, त्यानं पाठवलं हे कुणाला सांगू नका म्हणाले. लोकांना 'या' म्हणायला मी शिकतोय. पहिल्या दिवशी एवढ्या जोरात ओरडलो की एक म्हातारी घाबरून परत गेली.

धंदा चालेल असं मी सांगत नाही. आषाढात पाणी येईल, ही रेती जाईल, तेव्हा कुठं जायचं ते ठाऊक नाही. जिन्याखाली नाही, एवढं ठाऊक आहे. निरोप आला होता गुरुजींचा, झालं गेलं विसरू म्हणून. मी विसरत नाही. त्यांनी धुवायला लावल्या ते नाही, मी नाचत धुतल्या ते विसरत नाही.

जीभ अजून वळवळते. माणसं दिसली, चार चेहरे माझ्याकडं वळले, की पोट हलवून काहीतरी करावंसं वाटतं. सवय आहे, जाणार नाही. हसवीनही कधी. पण ते मला वाटलं तर. कुणी बोट वाकडं करून 'दाखव रे' म्हणालं तर मी 'नाही' म्हणणार, आणि तीन वेळा म्हणणार नाही. एकदाच. त्यावर हसलात, तर खालनं खुर्ची काढून घेईन.